घसा दुखतोय? मिठाच्या गुळण्या कुठवर पुरतात

घसा दुखतो म्हणून रुग्ण आला की मी आधी विचारतो, "गुळण्या केल्या का?" आमच्या करंज्यात याचे उत्तर "नाही" असे फार क्वचित येते. मीठ घरात असते, पाणी गरम करायला पाच मिनिटे लागतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना हा उपाय ठाऊक असतो. म्हणून माझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो: "किती दिवस करताय?" कुणी "काल रात्रीपासून" म्हणते, कुणी "पंधरा दिवस झाले, थोडा फरक आहे" म्हणते. पहिल्याला मी बहुतेक वेळा गुळण्या चालू ठेवायला सांगतो. दुसऱ्याची मात्र नीट तपासणी करावी लागते.

गुळण्या चांगल्या आहेत. मी स्वतः करतो आणि रुग्णांनाही सांगतो. पण त्यांनी घशाला आराम पडतो, घसा कशामुळे दुखतोय ते कारण त्यांनी जाईलच असे नाही. हा फरक लक्षात असेल तर हा उपाय निर्धोक आहे.

पाणी घशात नेमके कुठपर्यंत जाते?

तोंड मोठे उघडून आरशात पाहा. मधोमध लोंबणारी पडजीभ, तिच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल आणि मागे घशाची भिंत दिसेल. मान मागे टाकून गुळणी केली की पाणी टॉन्सिलच्या पुढच्या भागापर्यंत आणि जिभेच्या मुळापर्यंत पोहोचते. मागच्या भिंतीला ते थोडेफार लागते. त्याच्या खाली ते जात नाही, आणि गेले तर ठसका लागेल.

स्वरयंत्र त्याहून खाली असते. त्यामुळे घसा दुखत असेल तर गुळणीचा उपयोग होतो, पण आवाज बसला असेल तर गुळणीचे पाणी स्वरयंत्राला लागतही नाही. आपण दोन्हीला "घसा धरला" म्हणतो, म्हणून हा घोळ होतो. आवाज बसल्यावर उपयोगी पडते ते कमी बोलणे, भरपूर पाणी पिणे आणि धूर-तंबाखूपासून लांब राहणे. कुजबुजत बोलू नका, त्याने स्वरयंत्राला आणखी ताण पडतो. बोलायचेच असेल तर हलक्या पण साध्या आवाजात बोला.

मीठ किती आणि पाणी किती गरम?

साधारण पाव लिटर, म्हणजे एक मोठा ग्लास कोमट पाणी घ्या. त्यात चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घाला. हे सुमारे तीन ग्रॅम होते. असे पाणी आपल्या शरीरातल्या द्रवापेक्षा थोडेसेच जास्त खारट असते. सुजलेल्या भागातले पाणी थोडे बाहेर ओढले जाते, चिकट कफ सुटतो आणि उबेने बरे वाटते. गुळणीचे काम बहुतेक एवढेच.

"जास्त मीठ, जास्त गुण" हा समज मात्र सोडून द्या. काही जण अर्ध्या ग्लासात चमचाभर मीठ टाकतात. ते पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि या मिश्रणात त्याहून जास्त. अशा पाण्याने घशाचे अस्तर कोरडे पडते, चुरचुरते, मळमळते. मग रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, गुळण्या केल्या की जास्त दुखते." दुखणारच.

पाणी किती गरम असावे हे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. तिथे चटका बसला तर ते घशालाही पोळेल. आधीच सुजलेला घसा पोळून घेण्यात काही फायदा नाही. चहा पिता येतो म्हणून तेवढेच गरम पाणी चालेल असे नाही, कारण चहा आपण घोट घोट पितो आणि गुळणीचे पाणी एकाच जागी धरून ठेवतो.

एक घोट तोंडात घ्या, मान थोडी मागे टाका, "आऽऽ" असा आवाज काढत पंधरा ते तीस सेकंद पाणी घशाशी खळखळू द्या आणि थुंकून टाका. ग्लास संपेपर्यंत हे करा. तोंडात पाणी फिरवून थुंकणे म्हणजे चूळ भरणे, गुळणी नव्हे. चुळीचे पाणी घशापर्यंत जात नाही. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. जेवणानंतर केल्यास अन्नाचे कणही निघून जातात. प्रत्येकाचा ग्लास वेगळा ठेवा आणि थुंकल्यावर बेसिन धुऊन घ्या, नाहीतर एकाचा घसा घरभर फिरतो.

ब्लडप्रेशरचे रुग्ण विचारतात, मीठ चालेल का? पाणी थुंकत असाल तर चालेल. चुकून एखादा घोट गिळला तरी पाव ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असल्यामुळे मीठ अगदी मोजून घ्यावे लागत असेल, तर साध्या कोमट पाण्याने गुळण्या करा.

आणि एक आमच्या गावापुरते: धरमतरच्या खाडीचे किंवा बंदरातले पाणी गुळण्यांना वापरू नका. खारट आहे म्हणून ते औषध होत नाही. त्यात बोटींचे डिझेल आणि सांडपाणी मिसळलेले असते.

याला काही पुरावा आहे का?

थोडा आहे. जपानमध्ये गुळण्यांना "उगाई" म्हणतात आणि ही सवय मुलांना शाळेतच लावली जाते. २००५ साली तिथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३८७ निरोगी माणसांचे तीन गट केले होते. एका गटाने दिवसातून किमान तीनदा साध्या पाण्याने गुळण्या केल्या, दुसऱ्याने पोव्हिडोन आयोडीनच्या औषधाने, आणि तिसरा गट नेहमीसारखाच वागला. दोन महिन्यांत साध्या पाण्याच्या गटात सर्दी-घशाचे आजार सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. औषधाच्या गटात मात्र लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. गुळण्यांचे महागडे औषध आणायला निघालेल्यांना मी हे सांगतो.

२०१९ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथला ६६ जणांचा एक छोटा अभ्यास आला. सर्दी सुरू होताच मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि गुळण्या करणे असा तो उपाय होता. त्या गटाचा आजार सरासरी दोन दिवसांनी लवकर आटोपला. यात नाक धुणेही होते, त्यामुळे सगळे श्रेय गुळण्यांना देता येणार नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि दोन्ही सर्दीसारख्या साध्या आजारांबद्दल आहेत. टॉन्सिलमध्ये पू झालेल्या मुलाबद्दल ते काही सांगत नाहीत.

२०२० साली मोबाइलवर फिरलेला निरोप अनेकांना आठवत असेल: कोरोना चार दिवस घशात बसतो, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या की तो मरतो. ते खरे नव्हते. विषाणू घशाच्या पृष्ठभागावर नुसता बसून राहत नाही, तो पेशींच्या आत शिरून वाढतो. पुढे २०२१ साली नागपूरच्या नीरी या संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार यांच्या चमूने गुळणीचाच वेगळा उपयोग केला. नाकात काडी घालण्याऐवजी रुग्णाने सलाइनने गुळणी करून ते पाणी नळीत थुंकायचे आणि त्यावर आरटी-पीसीआर तपासणी करायची. आयसीएमआरने या पद्धतीला मान्यता दिली. यातून सामान्य माणसाला एक गोष्ट कळू शकते. गुळणीच्या पाण्यात विषाणू उतरतो, म्हणून तर तपासणी होते. पण गुळणी करून रुग्ण बरा होत नाही, तो घरी जातो तेव्हाही आजारीच असतो.

हळद, तुरटी आणि बाटलीतली औषधे

मिठाच्या पाण्यात चिमूटभर हळद घालायला हरकत नाही. तुरटीचे पाणी घसा आकसून घेते, थोडा वेळ बरे वाटते, पण तुरटी जास्त झाली तर जळजळ होते. पोव्हिडोन आयोडीनची गुळणी बाटलीवर लिहिल्याप्रमाणे आणि थोडेच दिवस घ्यावी. थायरॉइडचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. क्लोरहेक्सिडिन हे मुख्यतः हिरड्यांसाठी आहे आणि फार दिवस वापरले तर दात पिवळट-तपकिरी होतात. बेंझिडामिनच्या गुळणीने घसा थोडा बधिर होऊन गिळणे सोपे होते. काहीच गिळवत नसेल तेव्हा जेवणाआधी ती कामाला येते. ॲस्पिरिनची गोळी पाण्यात विरघळवून गुळण्या करण्याची जुनी पद्धत मुलांसाठी अजिबात वापरू नका.

दुखणे आणि तापासाठी पॅरासिटामॉल हे साधे आणि चांगले औषध आहे. मुलांना ते वजनाप्रमाणे द्यायचे असते. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून अंदाजाने देऊ नका.

लहान मुलांना गुळण्या द्याव्यात का?

साधारण सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी जमत नाही. ती पाणी गिळून टाकतात किंवा त्यांना ठसका लागतो. आई-बाबा मग "कर ना, थुंक ना" म्हणत मागे लागतात आणि मुलाच्या पोटात खारट पाणी जात राहते. हा हट्ट सोडा. त्याऐवजी कोमट पाणी, वरणाचे पाणी किंवा सूप घोट घोट द्या. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध देता येतो, एक वर्षाखाली मध मुळीच नको. थंड पदार्थांनी घसा आणखी बिघडतो असे नाही. काही मुलांना गार दही किंवा बर्फाची कांडी सहज गिळता येते आणि तेवढेच पोटात जाते, तर द्या. आजी रागावेल, तिला माझे नाव सांगा.

मोठ्या मुलांना आधी साध्या पाण्याने शिकवा. जमले की मगच मीठ घाला.

या घशाला गुळण्या पुरत नाहीत

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. नाक वाहते, खोकला येतो, डोळे लाल होतात, आवाज बसतो आणि आठवड्याभरात बहुतेक जण आपोआप बरे होतात. अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणून घेऊ नका, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही नकोत.

पण घसा दुखणाऱ्या मुलांपैकी साधारण २० ते ३० टक्के मुलांमध्ये कारण वेगळे असते: स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. या घशाची चाल वेगळी असते. अचानक सुरुवात, चांगला ताप, गिळताना खूप दुखणे, टॉन्सिल लालबुंद आणि त्यांवर पांढरे ठिपके, जबड्याखाली हात लावला की दुखणाऱ्या गाठी. आणि खोकला-सर्दी नसते. आईवडिलांना बहुधा उलटे वाटते: "सर्दी-खोकला काही नाही, नुसता घसा आहे, होईल बरा." ताप आणि घसा आहे पण खोकला नाही, तेव्हा मी जास्त सावध होतो.

हा घसाही बहुधा आठवड्याभरात आपोआप बरा होतो आणि फसगत इथेच होते. गुळण्या चालू असतात, चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, सगळ्यांना वाटते गुळण्यांनी काम केले. काही थोड्या मुलांमध्ये मात्र शरीराने या जिवाणूशी लढण्यासाठी जी प्रतिकारशक्ती उभी केली, ती दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. याला रुमॅटिक ताप म्हणतात. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो बरा होऊन घोटा धरतो. मूल दमते, धाप लागते. कधी हातपाय आपोआप झटकले जातात, अक्षर बिघडते आणि शाळेत ओरडा बसतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. मग वर्षानुवर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि काहींना झडपेची शस्त्रक्रिया लागते. तरुण मुलीला पहिल्या गरोदरपणात धाप लागते आणि तेव्हा झडप अरुंद झाल्याचे कळते, असेही आपल्या देशात घडते. लहानपणीचा तो घसा तोवर कुणाला आठवतही नसतो.

हे टाळता येते. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झाले तर रुमॅटिक ताप रोखता येतो. म्हणून तापासह घसा दुखणाऱ्या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर घसा पाहतील, गाठी तपासतील, गरज वाटली तर घशातला नमुना तपासायला पाठवतील. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिले तर ते साधारणपणे दहा दिवसांचे असते. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारू लागते आणि बाटली कपाटात जाते, हे मला नेहमी दिसते. दहा दिवस म्हणजे दहा दिवस. आधी कधी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली असेल तर पहिल्यांदाच सांगा.

या जिवाणूला गुळणी का पुरत नाही? तो टॉन्सिलच्या खोल खाचांमध्ये आणि त्याच्या आत असतो. पाणी वरून वाहून जाते. औषध चालू असताना आराम म्हणून गुळण्या जरूर करा, पण औषधाऐवजी नको.

ताबडतोब रुग्णालयात जा

लाळही गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, एकाच बाजूला प्रचंड दुखते, तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज येतो, श्वास घेताना घर्रघर्र होते, मूल पुढे वाकून बसते आणि लाळ गाळते. यातले काहीही दिसले तर गुळणी करू नका, घशात बोट किंवा चमचा घालून बघू नका. १०८ ला फोन करा किंवा उरणचे ग्रामीण रुग्णालय, पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

घशात राखाडी, चिकटून बसलेला पापुद्रा आणि सुजलेली मान ही घटसर्पाची लक्षणे असू शकतात. लस नियमित घेतलेल्या मुलांमध्ये हा आजार क्वचितच दिसतो. पण कामासाठी वीटभट्ट्यांवर किंवा दुसऱ्या बंदरांवर फिरणाऱ्या कुटुंबांत मुलांचे डोस राहून जातात. दीड आणि दोन वर्षांच्या मधला, तसेच पाच-सहा वर्षांचा बूस्टर झाला का, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची सुई झाली का, हे कार्डावर पाहून घ्या. ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते.

थायरॉइड वाढल्याबद्दल कार्बिमाझोलची गोळी चालू असेल किंवा केमोथेरपी चालू असेल, तर ताप आणि घसादुखी साधी समजू नका. त्याच दिवशी रक्ताची तपासणी लागते, कारण पांढऱ्या पेशी अचानक कमी झालेल्या असू शकतात.

तीन आठवड्यांचा आवाज

आमच्याकडे मासळीच्या लिलावात दिवसभर ओरडणाऱ्या बायका आणि पुरुष दोघांचेही आवाज बसतात. विश्रांतीने तो दोन-तीन आठवड्यांत सुटायला हवा. तीन आठवड्यांहून जास्त दिवस आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्या. तंबाखू, विडी किंवा मशेरी असेल तर आणखी घाई करा. मावश्या मला सांगतात, "मशेरी फक्त दाताला लावते, खात नाही." तंबाखूचा अंश तोंडाच्या अस्तरातून शरीरात जातोच.

एका बाजूचा घसा दुखत राहणे, त्याच बाजूचा कान दुखणे, मानेत न दुखणारी गाठ, थुंकीत रक्त, घास अडकणे: यांतले काही असेल तर गुळण्या करत महिना काढू नका. तपासणीत बहुतेकांना काही गंभीर निघत नाही. ज्यांना निघते, त्यांच्यासाठी खारघरला टाटा मेमोरिअल सेंटरचे ॲक्ट्रेक आपल्या जिल्ह्यातच आहे, आणि घशाचा कर्करोग लवकर सापडला तर आवाज वाचवून उपचार करणे शक्य असते.

बोटीवर असताना घसा धरला तर

अनेक दिवसांच्या फेरीला जाणारे खलाशी हे विचारतात, म्हणून लिहितो. पिण्याच्या पाण्यातूनच गुळण्यांचे पाणी काढा, एका वेळेला अर्धा ग्लास पाणी आणि पाव चमचा मीठ पुरते. सोबत पॅरासिटामॉलची एक पट्टी ठेवा. ज्या दिवशी घसा दुखायला लागला ती तारीख लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशीही ताप असेल, पाणी गिळवत नसेल किंवा तोंड उघडत नसेल तर तांडेलला लगेच सांगा आणि जे बंदर जवळ असेल तिथे उतरा. दहा दिवसांनी करंज्याला लागल्यावर दाखवू, असे म्हणून थांबू नका.